बेल टंपचा खरा मध्य

बेल टंपच्या डोक्यावर एक खळगा आहे. हिवाळ्यात त्यात पाणी साठतं आणि उन्हाळ्यात मेंढ्या वाऱ्याला पाठ करून त्यात बसतात. पाद्री थिओफिलस क्रेन यांनी १८४८ च्या सप्टेंबरात दोन मजूर लावून तो खणवला, आणि तेव्हापासून गावाला या टंपाबद्दल, म्हणजे या मातीच्या टेकाडाबद्दल, एकही प्रश्न पडलेला नाही.

क्रेनसाहेबांनी तीन उन्हाळ्यांत डोंगरावरची एकतीस टेकाडं फोडली. पद्धत ठरलेली. टेकाडाचा मध्य नजरेनं पकडायचा, तिथून विहिरीसारखा सरळ खाली खड्डा घ्यायचा आणि तळाचा पांढरा खडू, म्हणजे या डोंगराचा मऊ चुनखडक, लागला की थांबायचं. सकाळी नऊला सुरुवात, दीडला जेवण. तीस टेकाडांत त्यांना हाडं, मडकी, ब्राँझचे एकदोन सुरे मिळाले. बेल टंपात मात्र काहीच नाही. वहीत त्यांनी लिहिलं, "खडूपर्यंत गेलो. रिकामा. हे थडगं नव्हे. स्पॅनिश आरमार आलं तेव्हा इशाऱ्याचा जाळ पेटवण्यासाठी रचलेला ढीग असावा." गावाला ही कल्पना इतकी आवडली की पबच्या पाटीवर आजही जळती मशाल आहे. पुढे सरकारनं प्राचीन थडग्यांची संरक्षित यादी केली, तीत ती तीस टेकाडं आली. बेल टंप राहून गेला.

आता तिथे रूबेन लेगला मेंढ्यांसाठी शेड बांधायची होती.

रूबेनकडे तीनशे मेंढ्या होत्या आणि त्या मार्चमध्ये व्यायच्या. खालच्या वाडीत त्यांना आणणं शक्य नव्हतं, कारण उन्हाळाभर कोरडा असणारा ओढा हिवाळ्यात खडूतून वर येई आणि मार्चमध्ये थेट गोठ्यात शिरे. वर डोंगरावर सपाट आणि आडोशाची जागा एकच, बेल टंप आणि त्याच्या दक्षिणेचं काटेरी झुडपांचं दाट कुंपण यांच्यामधली. तीही टंप काढून टाकला तरच शेडला आणि तिच्यापुढच्या अंगणाला पुरेशी. गेल्या मार्चमध्ये दोन दिवस पाऊस आणि बर्फ एकत्र कोसळला आणि एकेचाळीस कोकरं गेली. रूबेननं ती स्वतःच्या हातानं ट्रेलरमध्ये भरली होती. शेडच्या अर्जावर जिल्ह्याच्या पुरातत्त्व कचेरीचा फक्त "हरकत नाही" एवढा शेरा हवा होता.

त्या कचेरीतून टंप मोजायला आली ती टॅमसिन हेबडिच. वय सव्वीस, माती आणि खडकांच्या शास्त्रात पदवी, नोकरीला सात महिने. आणि रूबेनच्या सख्ख्या बहिणीची मुलगी.

"माझा मामा आहे तो," तिनं आपल्या वरिष्ठ मॉरिन ट्रेस्क यांना आधीच सांगितलं होतं.

"या जिल्ह्यात कुणी कुणाचा मामा नाही असं आजवर झालेलं नाही," मॉरिन म्हणाल्या. "बाकी दोघं रजेवर आहेत. मापं तू घे, सही मी करीन. एकही माप वाकडं निघालं तर तुझ्याआधी माझी नोकरी जाईल, एवढं ध्यानात ठेव."

टॅमसिनची मापं वाकडी निघत नसत. हे तिला ठाऊक होतं आणि ते ती लपवतही नसे.

*

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. पाच आठवडे पाऊस नव्हता आणि डोंगर जुन्या ब्रशासारखा पिवळा, खरखरीत झाला होता. टॅमसिननं सकाळपासून चुंबकमापी यंत्र खांद्याला अडकवून कुरणात सरळ रेषेत येरझारा घातल्या. प्राचीन थडग्याभोवती बहुधा गोल चर असतो. चर बुजला तरी त्यातली माती आसपासच्या खडूपेक्षा थोडी अधिक चुंबकीय असते, आणि यंत्राला तो फरक कळतो. दुपारी तिनं आकडे लॅपटॉपवर उतरवले आणि पडद्याकडे पाहून ओठ आवळले. सगळीकडे काळेपांढरे पट्टे होते, वर्तुळ कुठेच नाही.

रूबेन कुरणाच्या फाटकावर कोपर टेकून सकाळपासून पाहत होता. पाठीशी तीनशे मेंढ्या शेजारच्या बोडक्या शेतात ओरडत होत्या आणि नेल नावाची काळी कुत्री त्यांच्यावर नजर ठेवून पडली होती.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?"

"मामा, इथून लोखंडी पाइप गेलाय का?"

"गेलाय की. हौदाचा. माझ्या बापानं टाकला."

"आणि टंपाच्या या बाजूला?"

"युद्धात सैन्याचा तळ होता इथे. तारा, खिळे, डबे, सगळं गाडून गेले." रूबेननं हनुवटी खाजवली. "सांगायला हवं होतं का?"

"सकाळी आठला सांगितलं असतंस तर बरं झालं असतं."

"तू विचारलं नाहीस. बाईसाहेब आल्या, पट्टे आवळले आणि चालायला लागल्या. मला वाटलं, शिकलेली माणसं आहेत, पाइप ओळखत असतील."

टॅमसिन हसली. यंत्र तिनं काळजीपूर्वक पेटीत ठेवलं आणि पेटीवरच बसून मामीनं दिलेला सफरचंदाचा केक अर्धा तोडून त्याच्यापुढे धरला. रूबेननं तो घेतला, पण खाल्ला नाही. त्याच्या मनात काहीतरी होतं, आणि त्यानं ते आज सांगायचं ठरवलेलं दिसत होतं.

"तुला गोल चर हवाय ना? तो आहे."

"काय?"

"आहे. पण टंपाभोवती नाही. चार वर्षांपूर्वीही असाच कोरडा उन्हाळा होता. हे कुरण महिनाभर बंद ठेवलं होतं. मेंढ्या आत सोडल्या, तर दहा मिनिटांत सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या. रांग नव्हे, कमान. उत्तरेला टंपापासून चार पावलं लांब, तिथून वळत वळत आली ती दक्षिणेला थेट टंपाच्या अंगावर चढली. म्हणजे चराचा आणि टंपाचा काही संबंध नाही. चर कुणीतरी आधी कशासाठी तरी खणला असेल, मग जाळवाल्यांनी ढीग त्यावर वाटेल तिथे टाकला. थडगं असतं तर चर त्याच्याभोवती नीट फिरला असता की नाही?"

"असता," टॅमसिन म्हणाली.

"मग झालं! लिही तसं." त्यानं केक तोंडात टाकला. "हे कुरण आताही तीन आठवडे बंद आहे. तुझ्या डोळ्यांनी बघ. तुझ्याकडे एक यंत्र आहे, माझ्याकडे तीनशे आहेत. आणि माझी पाइपला भुलत नाहीत."

*

टॅमसिन खुंट्यांची पिशवी आणि जीपीएसची काठी घेऊन टंपाच्या डोक्यावर उभी राहिली. पायाखाली गवत सगळीकडे सारखंच पिवळं दिसत होतं. जिथे खडूत कधीकाळी चर खणला गेला तिथे माती खोल असते, ओल टिकते, गवताच्या मुळाशी थोडा हिरवा रस राहतो, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. पण माणसाच्या उंचीवरून ते दिसत नाही. मेंढीचं तोंड जमिनीपासून दोन बोटांवर असतं.

रूबेननं फाटक उघडलं. मेंढ्या लोंढ्यासारख्या आत आल्या, पसरल्या, इकडेतिकडे तोंड लावत निघाल्या. पहिली पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग उत्तरेकडे एक म्हातारी मेंढी थांबली आणि तिनं डोकं वर काढलंच नाही. तिच्या बाजूला दुसरी आली. मागच्या पुढच्यांना ढकलू लागल्या, जागा मिळेना म्हणून बाजूला सरकू लागल्या, आणि टॅमसिनच्या डोळ्यांसमोर पिवळ्या कुरणावर लोकरीची एक जाड, पांढरी कमान उमटत गेली.

"नेल, बस!" रूबेन खालून ओरडला. "बघतेस काय, पोरी? पळ! पंधरा मिनिटांत चाटून पुसून साफ करतील!"

टॅमसिन पळाली. मेंढ्यांच्या दोन अंगांमधून वाट काढत, जिथे तोंडं होती तिथे खुंटी ठोकायची, काठी टेकवायची, आकडा घ्यायचा, पुढे जायचं. एका मेंढीनं तिच्या खिशातल्या कागदाचा कोपरा खाल्ला. बावीस खुंट्या ठोकून होईपर्यंत कमान विस्कटू लागली होती. दक्षिणेला मामानं म्हटल्याप्रमाणेच झालं. कमानीची दोन्ही टोकं टंपाच्या उतारावर चढली आणि तिथे हरवली, कारण दक्षिणेचा सगळा फुगवटाच हिरवट होता आणि मेंढ्या त्यावर कुठेही चरत होत्या.

"बघितलंस?" रूबेन दमून आला होता, पण चेहरा फुलला होता. "टंप एकीकडे, कमान एकीकडे. आता तूच सांग, ही दोन एकाच माणसाची कामं आहेत?"

 टॅमसिन खुंट्यांच्या कमानीवरून नजर फिरवत बोटांवर अंतरं मोजत होती.

"मामा, टेपचं ते टोक धर."

"कशाला?"

"वर्तुळाचा मध्य काढायचाय."

शाळेतलंच गणित होतं. कमानीवरच्या दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणायची, तिच्या मध्यावर काटकोनात दुसरी दोरी टाकायची. आणखी दोन खुंट्यांचं तसंच करायचं. जिथे दोन्ही काटकोनी दोऱ्या एकमेकींना कापतात तो वर्तुळाचा मध्य. तिनं हे तीन वेगवेगळ्या जोड्या घेऊन केलं. तिन्ही वेळा दोऱ्या एकाच ठिकाणी आल्या, पंधरा सेंटीमीटरचा फरक. तिथे तिनं तांबड्या रंगाची खुंटी ठोकली.

खुंटी टंपावरच होती. क्रेनसाहेबांच्या खळग्याच्या मध्यापासून चार मीटर उत्तरेला.

रूबेन खळग्याकडे पाहत राहिला, मग खुंटीकडे. तीस वर्षं कुंपणं ठोकलेला माणूस होता, डोळ्यानं अंतर कळायचं त्याला.

"टंप सरकला म्हणतेस?"

"टंप नाही सरकला. त्याचा आकार सरकला. नेपोलियनच्या लढायांच्या काळात हा डोंगर कुणी नांगरला?"

"सगळ्यांनीच. गव्हाला भाव होता." तो थांबला. "आम्हीच. लेगांनी."

"कसा नांगरला असेल? कुंपण दक्षिणेला. उत्तरेकडून टंपाची कड थोडी थोडी कापत यायचं, आणि दक्षिणेला, कुंपणाशी, बैल वळवायचे. नांगर वळताना फाळाला चिकटलेली माती कुठे पडते?"

"वळणावर," रूबेन हळूच म्हणाला. "तिथे बांधच होतो."

"उत्तरेची कड तीन मीटर कापली गेली, दक्षिणेला पाच मीटर नवी माती चढली. मग तीस-चाळीस वर्षांनी क्रेनसाहेब आले. त्यांना जो टंप दिसला त्याचा मध्य त्यांनी बरोबर पकडला. पण तो टंपाचा मध्य नव्हता, तुझ्या पूर्वजांच्या नांगरटीचा होता. ज्याच्यासाठी टंप रचला, तो चार मीटर बाजूला राहिला. दीड वाजता साहेब जेवायला गेले."

मेंढ्या आता पांगल्या होत्या. रूबेननं टेपचं टोक सोडलं आणि टेप सळकन डबीत गेली.

"म्हणजे माझ्याच मेंढ्यांनी माझी शेड पाडली."

"मामा..."

"एकेचाळीस कोकरं, टॅम."

"मला माहीत आहे."

"तुला आकडा माहीत आहे. बर्फात कोकराच्या तोंडात बोट घालून बघितलंयस कधी? गरम असलं तर जगतं. थंड असलं तर पुढचं बघायचं. एकेचाळीस वेळा थंड लागलं मला. आणि तू मला सांगतेस, इथे चार हजार वर्षांपूर्वीचा कुणी मेलेला पडलाय, त्याला त्रास नको."

"तो आहे की नाही, हे मला माहीत नाही, आणि मी खणून बघणारही नाही. मला एवढंच माहीत आहे की इथे आजवर कुणी बघितलेलं नाही. जे मोजलंय ते लिहीन. तुला आवडो न आवडो, आणि मला आवडो न आवडो."

"वर्तुळ म्हणजे थडगंच असं कुठे लिहिलंय?" रूबेनचा आवाज चढला. "जाळवाल्यांनीही चर खणला असेल. माती हवी म्हणून. मेंढ्या जाळाजवळ येऊ नयेत म्हणून— काय वाट्टेल ते! चर किती जुना, ते सांग आधी. ते तुझ्या दोरीत नाही."

टॅमसिननं तांबडी खुंटी हलवून घट्ट बसल्याची खात्री केली. मग म्हणाली, "बरोबर आहे तुझं. ते दोरीत नाही. ते गोगलगायींत आहे."

*

मॉरिननी फोनवरून एका भोकाची परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी टॅमसिननं उत्तरेच्या खुंटीपाशी हातगिरमिट घेऊन चरात एक मनगटाएवढं भोक पाडलं आणि पाच पाच सेंटीमीटरची माती वेगळ्या पाकिटात भरली. एकशे चाळीस सेंटीमीटरवर तळाचा खडू कुरकुरला. अठ्ठावीस पाकिटं झाली.

ती माती दोन दिवस मामीच्या स्वयंपाकघरात पाण्यात भिजत पडली.

"पिठाची चाळणी आहे ती," मर्टलमामी म्हणाली.

"नवीन आणून देते, मामी."

"आणच. आणि जेवणाआधी टेबल पुसून ठेव. नाहीतर रूबेन त्या मातीवरच लोणी लावून खाईल. सध्या तो कशाकडेही न बघता खातोय."

धुवून, वाळवून, काळ्या कागदावर पसरल्यावर मातीत उरले ते शेकडो शंख, मोहरीच्या दाण्याएवढे आणि त्याहूनही बारीक. खडूच्या जमिनीत शंख विरघळत नाहीत, हजारो वर्षं तसेच राहतात. टॅमसिन भिंगाखाली एकेक जात वेगळी करत होती. दुसऱ्या संध्याकाळी रूबेन समोरची खुर्ची ओढून बसला. दोन दिवस तो तिच्याशी "मीठ दे" यापलीकडे बोलला नव्हता.

"काय शोधतेयस?"

"ही." तिनं एक तुकडा पुढे केला. "बागेत कोबी खाते ती मोठी गोगलगाय. ती इथली नाही. रोमन लोकांबरोबर आली, त्याआधी या बेटावर नव्हती. हिचं कवच बघ, सुरकुतलेलं आहे, म्हाताऱ्या हातासारखं. वरच्या बारा पाकिटांत हिचे तुकडे सापडलेत. आता जाळवाल्यांनी, म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी, चर खणला असेल, तर पहिल्या पावसापासून जी माती तळाशी साचली तिच्यातही ही असायला हवी. खालच्या सोळा पाकिटांत मला अजून एकही नाही मिळाली."

"किती बघून झाली?"

"अकरा."

"पाच राहिली." रूबेननं चष्मा लावला. "आण इकडे. मी बघतो. तुझे डोळे थकलेत."

तो काय शोधतोय हे दोघांनाही माहीत होतं. टॅमसिननं पाचही पाकिटं आणि दुसरं भिंग त्याच्यापुढे सरकवलं. मोठ्या हातांचा माणूस, पण चिमटा असा धरला की जणू नवजात कोकराच्या पापणीतला काटा काढतोय. तासाभरात तीन पाकिटं झाली. चौथ्या पाकिटावर तो थबकला.

"टॅम."

त्यानं काळ्या कागदावरून एक तुकडा उचलला. मोठा होता, नखाएवढा, बारीक शंखांमध्ये उठून दिसणारा. मर्टलमामी चुलीपाशी थांबली. टॅमसिननं हात पुढे केला नाही. त्याच्या हातातला तुकडा त्यालाच बघू दिला.

रूबेननं तो दिव्याकडे वळवला. भिंग जवळ आणलं, लांब नेलं, पुन्हा जवळ आणलं. अंगठ्याच्या नखानं पाठ चाचपली.

"गुळगुळीत आहे," तो शेवटी म्हणाला. "सुरकुत्या नाहीत."

"पट्टा आहे?"

"आहे. फिकट." त्यानं तुकडा कागदावर ठेवला. "पट्टेवाली आहे. कुंपणातली. ही आपलीच."

"हो. ही कायमच इथे होती."

पाचवं पाकीट त्यानं तरीही पूर्ण पाहिलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला, उठून चहाचं पाणी टाकलं आणि चुलीकडे तोंड करूनच म्हणाला, "काही नाही त्यात. लिहून घे. सोळाच्या सोळा."

*

मॉरिन ट्रेस्क शुक्रवारी सकाळी आल्या. उंच, सावकाश बोलणारी बाई. बूट बदलले, टंपाभोवती दोनदा फिरल्या, खुंट्या पाहिल्या, टॅमसिनचे तक्ते पाहिले आणि "हं" म्हणाल्या. त्यांचा "हं" म्हणजे होकार, हे टॅमसिनला सात महिन्यांत कळलं होतं.

"मिस्टर लेग, टंप काढता येणार नाही. तो यादीत जाणार. वाईट वाटतं मला, पण हे असं आहे."

"कळलंय मला," रूबेन म्हणाला.

"आणि टंपाच्या कडेपासून दहा मीटरपर्यंत बांधकाम नाही. कुंपणापासूनही दोन मीटर सोडावे लागतील." त्यांनी नकाशावर बोट फिरवलं. "उरतात सहा मीटर."

"सहा मीटरच्या शेडमध्ये ट्रॅक्टर वळत नाही. गवताचा गठ्ठा आत न्यायचा म्हणजे खांद्यावर न्यावा लागेल. बारा मागितले होते मी." रूबेननं टोपी काढली. "मग शेड नको म्हणूनच लिहा."

"थांबा," टॅमसिन म्हणाली. "टंपाची कड कुठली?"

मॉरिननी दक्षिणेच्या फुगवट्याच्या पायथ्याकडे बोट केलं. "ही."

"ही नांगराची कड आहे. अडीचशे वर्षांपूर्वीची सुद्धा नाही. थडग्याची कड म्हणजे चराची बाहेरची बाजू, आणि ती इथे नाही. ती तीन मीटर आत आहे, या फुगवट्याखाली. दहा मीटर तिथून मोजायला हवेत."

"दक्षिणेला तुला चर दिसलेला नाही. मेंढ्या तिथे हरवल्या, हे तूच अहवालात लिहिलंयस."

"उत्तरेला तीन चतुर्थांश वर्तुळ दिसलंय. उरलेलं काढता येतं."

"माणसं वर्तुळ काढताना चुकतात, टॅमसिन. चार हजार वर्षांपूर्वीचीही चुकत. हा चर दक्षिणेला बाहेर सुटला असेल, रुंद असेल, दोन असतील. काढता येतं एवढ्यावर मी तीन मीटर सोडणार नाही."

"मग एक भोक आणखी द्या. कुठे पाडायचं ते मी सांगते, आणि काय लागेल तेही आधी लिहून देते. चुकलं तर सहा मीटर."

मॉरिननी तिच्याकडे पाहिलं. तरुण माणसांचा आत्मविश्वास त्यांना नवा नव्हता. तो तपासायला तयार असलेला आत्मविश्वास मात्र तितका नेहमी भेटत नसे. "लिही," त्या म्हणाल्या.

टॅमसिननं तांबड्या खुंटीपासून टेप लावली आणि दक्षिणेला बरोबर चौदा मीटरवर खूण केली. मग वहीच्या कागदावर लिहिलं, "चराच्या बाहेरच्या कडेपलीकडे एक मीटर. वर फक्त नांगराची माती. साठ सेंटीमीटरच्या आसपास अखंड खडू." घडी घालून कागद मॉरिनच्या हातात दिला.

"गिरमिट मी फिरवतो," रूबेन म्हणाला. "नाहीतर उद्या म्हणाल, भाचीनं हात आखडला."

"आणि मामानं जोर लावला असं म्हणता येणार नाही?"

"मामानं जोर लावला तर भोक खोल जाईल, बाई. मला ते उथळ हवंय."

मॉरिन पहिल्यांदाच हसल्या.

रूबेननं गिरमिट रोवलं आणि दोन्ही हातांनी फिरवू लागला. वीस सेंटीमीटर, तपकिरी माती, चकमकीचे दोन बारीक दगड. चाळीस, तपकिरीच. टॅमसिन दांड्यावरच्या खुणा मोठ्यानं वाचत होती आणि तिचा आवाज जराही हलत नव्हता. पन्नास. पंचावन्न. साठ आलं आणि गेलं. गिरमिट अजून मऊ फिरत होतं. रूबेननं मान वर केली.

"फिरव," ती म्हणाली.

त्यानं आणखी अर्धा वेढा दिला आणि खालून करकर ऐकू आली, दाताखाली साखर फुटावी तशी. पुढे गिरमिट जाईना. त्यानं ते वर ओढलं. टोकाला बोटभर स्वच्छ, ओला, पांढरा खडू होता.

"त्रेसष्ट," टॅमसिननं वाचलं.

मॉरिननी कागद उघडून वाचला, खडू बोटांत चुरडून पाहिला, भोकात टॉर्च मारली. मग नकाशा रूबेनच्या ट्रकच्या बॉनेटवर पसरला, जुनी रेघ खोडली आणि तीन मीटर उत्तरेला नवी काढली.

"नऊ मीटर, मिस्टर लेग. त्याहून एक वीतही जास्त नाही."

"नऊ." रूबेन पुटपुटला. "नऊमध्ये ट्रॅक्टर वळेल. मागेपुढे करावा लागेल, पण वळेल." तो कुंपणाच्या बाजूनं चालू लागला, मोठी, सारखी पावलं टाकत, आणि तीस पावलांनंतर वळून मोठ्यानं म्हणाला, "दीडशे मावतील. दोनशे मावायच्या होत्या."

"म्हणजे आणखी पन्नास बाहेर राहतील," टॅमसिन म्हणाली.

"राहतील. जानेवारीत पोटं तपासतो तेव्हा कुणाला किती ते कळतंच. तिळी आणि जुळी वाल्या आत. एकटं कोकरू असलेल्या बाहेर, कुंपणाच्या आडोशाला. एकट्याला आई पुरते." त्यानं जमिनीवर टाच मारून खूण केली. "दार मात्र पूर्वेला. तुझ्या कागदावर दक्षिणेला दाखवलंय."

"तो तुझाच नकाशा आहे, मामा."

"तो बारा मीटरचा होता. नऊच्या शेडला वारा वेगळा लागतो. खुंट्या किती उरल्यात?"

"नऊ-दहा."

"आण. आणि ती मोगरी पण. मॉरिनबाई, टेपचं हे टोक धरा जरा, इथे उभ्याच आहात तर."